नर, मादी आणि ऑटोइम्यून आजार: उंदरांवरचा प्रयोग कसा आखावा

ऑटोइम्यून आजार म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते ते. त्यांपैकी ल्युपस आणि शोग्रेनच्या दहा रुग्णांत साधारण नऊ बायका असतात. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये एका पुरुषामागे तीन बायका. टाइप १ मधुमेहात मात्र दोघांचं प्रमाण जवळपास सारखं, आणि अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसमध्ये (मणक्याच्या संधिवातात) पुरुषांचं पारडं जड. उंदरांत हे चित्र जसंच्या तसं उतरत नाही. शिवाय प्रयोगात नर-मादी फरक दिसला, तरी तो कशामुळे दिसला हे बहुतेक वेळा कळत नाही, कारण ‘लिंग’ या एका नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी एकत्र येतात: वृषण आणि अंडाशयांची हार्मोन्स, एक्स आणि वाय गुणसूत्रं, आणि अ‍ॅनिमल हाऊसमध्ये नर किंवा मादी म्हणून वाट्याला येणारं आयुष्य, म्हणजे वजन, मारामाऱ्या, पिंजरा, आतड्यातले जिवाणू. या तिघांपैकी कोणाचा परिणाम मोजायचा आहे ते पहिल्या दिवशी ठरवा. पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

मॉडेल निवडताना

नॉड ही आपोआप मधुमेह होणारी उंदरांची जात; हा उंदीर १९८० साली जपानमध्ये पुढे आला. त्याच्यात फरक ठळक आहे: ३० आठवड्यांपर्यंत ६० ते ८० टक्के माद्यांना मधुमेह होतो, नरांना साधारण २० ते ३० टक्के. स्वादुपिंडातला दाह चार-पाच आठवड्यांच्या वयात सुरू होतो, माद्यांची साखर बारा-चौदा आठवड्यांपासून चढू लागते. पण माणसाच्या टाइप १ मधुमेहात असा फरक नाही. म्हणून नॉड हे ‘प्रतिकारशक्तीवर लिंगाचा परिणाम कसा होतो’ या प्रश्नासाठी उत्तम मॉडेल आहे, ‘मुलींना मधुमेह जास्त का होतो’ यासाठी नाही. तो प्रश्नच खोटा आहे. याच नॉडमध्ये लाळग्रंथींचा दाह माद्यांत जास्त आणि अश्रुग्रंथींचा नरांत जास्त असतो. एकाच प्राण्यात दोन अवयव दोन दिशांना जातात, त्यामुळे ‘मादी म्हणजे आजार जास्त’ हे गृहीतक इथेच मोडतं.

ईएई या मल्टिपल स्क्लेरोसिसच्या मॉडेलमध्ये जात बघून घ्या. एसजेएल जातीच्या माद्यांना पीएलपी १३९–१५१ (मज्जातंतूंच्या आवरणातल्या प्रथिनाचा तुकडा) दिलं की आजार येतो, ओसरतो, पुन्हा उलटतो. नरांत तो सहसा सौम्य राहतो किंवा एकाच फेरीत थांबतो. ब्लॅक सिक्स जातीत मॉग ३५–५५ (त्याच आवरणातल्या दुसऱ्या प्रथिनाचा तुकडा) दिल्यावर फरक फार थोडा असतो, कधी दिसतच नाही. ब्लॅक सिक्सवर प्रयोग करून ‘ईएईमध्ये लिंगाचा परिणाम नाही’ असं लिहिणं म्हणजे जातीचा निष्कर्ष आजाराच्या नावावर खपवणं.

ल्युपससाठी एनझेडबी/डब्ल्यू एफ१ या संकरित जातीच्या माद्या पाच-सहा महिन्यांपासून लघवीत प्रथिनं टाकू लागतात आणि नरांच्या कितीतरी आधी मरतात. त्याच्या उलट बीएक्सएसबी: तिथे नर आधी मरतात. कारण त्यांच्या वाय गुणसूत्रावर ‘याआ’ नावाचा तुकडा आहे, जो मुळात एक्सवरचा. त्यात टीएलआर७ हे प्रतिकारशक्ती चेतवणारं जनुक असल्यामुळे नरांकडे त्याच्या दोन चालू प्रती होतात. २००६ मध्ये हे उलगडलं. टीएलआर७ हे नाव लक्षात ठेवा, ते खाली पुन्हा येणार आहे.

कोलॅजेन टोचून आणलेल्या संधिवातासाठी प्रथेने डीबीए/१ जातीचे नर वापरतात, कारण माद्यांत आजार कमी लागतो. गरोदरपणात तो ओसरतो आणि प्रसूतीनंतर उसळतो. हार्मोनचा प्रश्न असेल तर हे मॉडेल उपयोगी आहे.

पिंजरा: इथेच सर्वात जास्त प्रयोग फसतात

नर एका पिंजऱ्यात, माद्या दुसऱ्या पिंजऱ्यात. म्हणजे तुमच्याकडे नरांचा एकच पिंजरा आणि माद्यांचा एकच पिंजरा असेल, तर लिंगाचा फरक आणि पिंजऱ्याचा फरक वेगळा काढणं कोणत्याही गणिताला शक्य नाही. प्रत्येक लिंगाचे निदान चार-पाच पिंजरे हवेत, तेही वेगवेगळ्या पिल्लावळीतून आलेले. शक्य असेल तिथे प्रत्येक पिल्लावळीतून नर आणि मादी दोन्ही घ्या, म्हणजे आईचा परिणाम दोन्ही बाजूंना सारखा वाटला जाईल. औषध किंवा कंट्रोल मात्र पिंजऱ्याच्या आत वाटा: चार उंदरांपैकी दोघांना औषध, दोघांना नुसतं द्रावण. औषध पाण्यातून द्यायचं असेल तर हे जमत नाही, तेव्हा पिंजऱ्यांची संख्या वाढवणं हाच उपाय.

नर भांडतात. एसजेएल नर तर विशेष. चावे बसले की दाह आलाच, आणि हरणाऱ्या नराचं कॉर्टिकोस्टेरॉन (ताणाचं हार्मोन) चढून ईएई दबू शकतो. म्हणून बरेच जण नरांना एकेकटं ठेवतात आणि माद्यांना पाचपाचच्या गटात. मग जो फरक दिसतो तो एकटेपणाचाही असू शकतो. त्यापेक्षा दूध सुटल्यापासून एकाच पिल्लावळीतले भाऊ एकत्र ठेवा आणि नंतर त्यांच्यात नवा नर कधीच घालू नका. पिंजरा बदलताना घरट्याचा कागद किंवा कापूस तसाच नव्या पिंजऱ्यात न्या, पण लघवीने भिजलेला भुसा नेऊ नका. घरट्याच्या ओळखीच्या वासाने भांडणं कमी होतात, लघवीच्या वासाने वाढतात. एवढं करूनही एखादा पिंजरा पेटला आणि नर वेगळे करावे लागले, तर तेवढ्याच माद्याही वेगळ्या करा. चाव्यांची नोंद दर आठवड्याला ठेवा. कोणाला वगळायचं याचा नियम आधी लिहून ठेवा, निकाल बघून ठरवू नका.

जिवाणूंचा प्रश्न अधिक खोल आहे. वयात आल्यावर नर आणि मादीच्या आतड्यातले जिवाणू वेगळे होत जातात. जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या नॉडमध्ये मधुमेहातला नर-मादी फरक जवळपास नाहीसा होतो. २०१३ साली प्रौढ नरांच्या सीकममधला (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीतला) पदार्थ कोवळ्या नॉड माद्यांना पाजल्यावर त्यांचं टेस्टोस्टेरॉन वाढलं आणि त्यांना मधुमेहापासून संरक्षण मिळालं. अँड्रोजेनचा (टेस्टोस्टेरॉनसारख्या नर-हार्मोनचा) मार्ग बंद केला की हे संरक्षण कमी झालं. म्हणजे हार्मोन जिवाणूंना घडवतात आणि जिवाणू हार्मोनला. ही साखळी तुमच्या प्रश्नाचा भाग असेल तर विष्ठेचे नमुने दूध सुटताना, ६ आठवड्यांना आणि १० आठवड्यांना गोळा करून उणे ८० अंशांवर ठेवा. नमुने फार जागा घेत नाहीत, आणि नंतर हवे झाले तर मागे जाऊन घेता येत नाहीत.

ही साखळी नकोच असेल तर नर-मादीच्या पिंजऱ्यांतला वापरलेला भुसा एकमेकांत मिसळून जिवाणू सारखे करण्याची पद्धत आहे. तिला एक अडचण आहे: नराच्या लघवीच्या वासाने एकत्र ठेवलेल्या माद्यांचं चक्र सुरू होतं आणि जुळतं. जिवाणू सारखे करायला जाल तर हार्मोन हलवाल. म्हणून हे मिसळणं दूध सुटल्यापासून वयात येईपर्यंतच करा. पुढे गरज पडली तर नुसत्या विष्ठेच्या गोळ्या वेचून टाका, भिजलेला भुसा नको.

खाद्य आणि अंथरूणही बघा. सोयाबीन पेंडीच्या खाद्यात इस्ट्रोजेनसारखे वागणारे आयसोफ्लेव्होन असतात आणि त्यांचं प्रमाण दर खेपेला बदलतं. अंडाशय काढलेल्या माद्यांना असं खाद्य दिलं की ‘इस्ट्रोजेन नसलेला गट’ नावापुरताच उरतो. मक्याच्या कणसाच्या भुश्यातही प्रजननात गडबड करणारे पदार्थ आढळले आहेत; लाकडाचा किंवा कागदाचा भुसा बरा. ओरखडे पडलेले, तीव्र अल्कलीने धुतलेले जुने पॉलिकार्बोनेट पिंजरे बिस्फेनॉल ए सोडतात, ते बाजूला काढा.

ईएई: डोस आणि वजन

ब्लॅक सिक्ससाठी नेहमीचा डोस: मॉग ३५–५५ दर उंदरामागे २०० मायक्रोग्रॅम, सीएफए या प्रतिकारशक्ती चेतवणाऱ्या तेलकट मिश्रणात, ज्यात मारलेले एच३७आरए क्षयजंतू मिलिलिटरमागे ४ मिलिग्रॅमपर्यंत वाढवलेले. दोन्ही कुशींवर कातडीखाली, मिळून २०० मायक्रोलिटर. त्याच दिवशी आणि ४८ तासांनी पोटात २०० नॅनोग्रॅम पर्टुसिस टॉक्सिन (डांग्या खोकल्याच्या जंतूचं विष). लक्षणं नवव्या ते चौदाव्या दिवसादरम्यान दिसू लागतात.

हे मिश्रण, म्हणजे इमल्शन, दाट झालं की नाही ते पाण्यावर एक थेंब टाकून बघा. थेंब तसाच गोळा राहिला तर ठीक, पसरला तर अजून फिरवा. एकाच इमल्शनमधून नर आणि माद्या दोघांना टोचा, तेही आलटून पालटून. आधी सगळ्या माद्या आणि मग सगळे नर असं केलं, तर शेवटी उरलेलं कोमट, सुटू लागलेलं इमल्शन नेमकं एकाच लिंगाच्या वाट्याला येतं.

आता वजन. दहा आठवड्यांची मादी साधारण २० ग्रॅमची, नर २६ ग्रॅमचा. दोघांना २०० नॅनोग्रॅम टॉक्सिन दिलं तर मादीला ग्रॅममागे १० नॅनोग्रॅम मिळतात आणि नराला ७.७. रक्त-मेंदू अडथळ्यापर्यंत पोचणाऱ्या टॉक्सिनमधला हा फरक पुढे ‘माद्यांत आजार जास्त’ असा वाचला जातो. वजन जुळवायला लहान वयाचे नर घेऊ नका, त्याने वयाचा घोळ येतो. कुशीतलं इमल्शन ठरावीक ठेवा, कारण ते जागेवर साठून काम करतं. टॉक्सिन मात्र वजनाप्रमाणे द्या. आणि मुख्य प्रयोगाआधी छोट्या चाचणीत दोन्ही पद्धती शेजारी शेजारी ठेवून बघा. टॉक्सिनची ताकद प्रत्येक बॅचला वेगळी असते, त्यामुळे अख्खा प्रयोग एकाच बॅचवर काढायचा.

गुण ० ते ५: शेपूट लुळी झाली की १, मागचे पाय अशक्त २, मागचे पाय पूर्ण निकामी ३, पुढच्या पायांपर्यंत पोचलं की ४, मरणासन्न किंवा मृत ५. गुण देणाऱ्याला गट माहीत नसावा हे सगळे लिहितात, पण उंदीर शेपटीने उचलला की लिंग दिसतंच. म्हणून पिंजऱ्यावरचं कार्ड झाका, चालीचं वरून चित्रीकरण करा आणि दुसऱ्या माणसाकडून त्यावर स्वतंत्र गुण घ्या. दोघांचे आकडे एकाच लिंगात सारखे आणि दुसऱ्यात वेगळे येत असतील, तर दोष आजारात नाही, बघण्यात आहे. गुण देणारे रोज तेच असावेत. अनोळखी पुरुषाच्या वासानेही उंदरांवर ताण येतो हे २०१४ मध्ये दाखवलं गेलं आहे. गुण ३ झाला की खाद्य ओलं करून पिंजऱ्याच्या तळाशी ठेवा.

फरक टी पेशींत आहे की मज्जातंतूंत, हे शोधायला पेशी एका उंदरातून दुसऱ्यात टोचतात: नर आणि मादी दाते, नर आणि मादी घेणारे, असे चार गट. यातला नर दाता–मादी घेणारी हा गट धोक्याचा आहे. मादीची प्रतिकारशक्ती नराच्या पेशींवरचं एच-वाय हे फक्त नरांत असणारं प्रतिजन (प्रतिकारशक्ती ओळखते ती खूण) परकं मानते. ब्लॅक सिक्स माद्या तर अशा पेशी काढूनच टाकतात. मग आजार कमी आला तो लिंगामुळे की नाकारल्यामुळे, सांगता येत नाही. टोचलेल्या पेशी आठवड्याने किती उरल्या ते फ्लो सायटोमेट्रीने (पेशी एकेक मोजणाऱ्या यंत्राने) मोजल्याशिवाय या गटाचं काहीही छापू नये.

नॉड पाळताना

दहाव्या आठवड्यापासून दर आठवड्याला शेपटीच्या थेंबावर ग्लुकोमीटरने साखर बघा. लागोपाठ दोनदा डेसिलिटरमागे २५० मिलिग्रॅमच्या वर गेली तर मधुमेह. संसर्ग झालेल्या, अस्वच्छ वसाहतीत मधुमेहाचं प्रमाण खाली येतं, म्हणून दुसऱ्या प्रयोगशाळेचा आलेख तुमचा कंट्रोल होऊ शकत नाही. आपल्या माद्यांचं ३० आठवड्यांचं प्रमाण आधी मोजा. सीएफएचं एक इंजेक्शनही नॉडला मधुमेहापासून वाचवतं, तेव्हा त्यांच्यावर दुसऱ्या कशासाठी सीएफए वापरण्याचा मोह टाळा.

मादीचं चक्र

चक्र चार-पाच दिवसांचं असतं. ‘मादीमध्ये चढउतार फार, म्हणून आम्ही नरच वापरले’ हे कारण आता टिकत नाही. २०१४ मध्ये हजारो मोजमापं एकत्र तपासली गेली, तेव्हा चक्र न बघता घेतलेल्या माद्यांतली विविधता नरांपेक्षा जास्त निघाली नाही. चार आठवडे चालणाऱ्या आजारात चक्राचा दिवस बघण्याची गरज नाही. शेवटच्या दिवशी पेशी काढून सायटोकाइन (प्रतिकारशक्तीच्या पेशींचे संदेश-रेणू) मोजणार असाल तर बघा: रोज सकाळी त्याच वेळी १० ते २० मायक्रोलिटर सलाइन योनिमुखाशी आतबाहेर करून काचेवर पसरायचं आणि क्रिस्टल व्हायोलेटने रंगवायचं. केंद्रक असलेल्या गोल पेशी म्हणजे प्रोइस्ट्रस, केंद्रक नसलेल्या खवल्यांसारख्या पेशी म्हणजे इस्ट्रस, सगळ्यांची सरमिसळ म्हणजे मेटइस्ट्रस, बहुतेक पांढऱ्या पेशी म्हणजे डायइस्ट्रस. टिप आत खुपसली तर खोटं गरोदरपण येऊन चक्र दहा-बारा दिवस अडकतं. आणि माद्यांना रोज हाताळता तेवढंच नरांनाही हाताळा.

हार्मोन काढणं आणि परत देणं

वयात येण्याआधी, साधारण ३ ते ४ आठवड्यांना वृषण किंवा अंडाशय काढलं तर तारुण्यातल्या हार्मोनचा परिणाम जातो. प्रौढपणी काढलं तर फक्त चालू हार्मोन जातं. जन्माच्या सुमाराचा परिणाम दोन्हींत तसाच राहतो. नॉड नरांचे वृषण लहानपणी काढले की मधुमेह वाढतो. एनझेडबी/डब्ल्यू नरांतही ल्युपस लवकर येतो.

दोन्ही लिंगांत खोटी शस्त्रक्रिया केलेला गट हवाच. मादीची शस्त्रक्रिया पाठीकडून पोट उघडून होते, नराची वृषणकोशातून. दोघांतला दाह सारखा नसतो. वेदनाशामक दोन्ही गटांना तेच, तेवढेच दिवस द्या. मेलोक्सिकॅमसारखं औषध स्वतःच दाह कमी करतं. शस्त्रक्रियेनंतर दोन आठवड्यांत आजार आणणारं इंजेक्शन टोचू नका, चार आठवडे थांबणं चांगलं. वृषण काढले की थायमस (टी पेशी घडवणारी ग्रंथी) पुन्हा वाढतो आणि नव्या टी पेशींचा लोंढा येतो. त्या मधल्या काळात केलेलं मोजमाप हार्मोनच्या अभावाचं नसतं, थायमसच्या उसळीचं असतं.

परत देताना रोजची तेलातली इंजेक्शनं टाळा, त्याने रक्तात शिखरं आणि दऱ्या होतात. हार्मोन भरलेली सिलॅस्टिक नळी मानेमागे कातडीखाली ठेवा, आणि त्याआधी ती रात्रभर ३७ अंशांच्या सलाइनमध्ये भिजवा, म्हणजे सुरुवातीचा मोठा झोत बाहेरच निघून जाईल. कंट्रोलला रिकामी नळी. उंदरातलं इस्ट्राडायोल बाजारातल्या किटने मोजू नका, एवढ्या कमी पातळीवर ते विश्वासार्ह नसतात. मास स्पेक्ट्रोमेट्री परवडत नसेल तर शेवटी गर्भाशयाचं वजन करा. अंडाशय खरंच निघालं असेल तर ते दोऱ्यासारखं बारीक होतं. नरांत शुक्राशयाचं वजन. टेस्टोस्टेरॉनचा एकच नमुना फसवतो, कारण ते लाटांनी सुटतं आणि वर्चस्व असलेल्या नरात जास्त असतं.

डोस गरोदरपणाच्या पातळीचा आहे की चक्रातल्या पातळीचा, ते स्पष्ट लिहा. इस्ट्रोजेन ईएई दाबतं आणि एनझेडबी/डब्ल्यूचा ल्युपस वाढवतं. ‘इस्ट्रोजेनने ऑटोइम्यून आजार वाढतात’ हे वाक्य म्हणूनच निरर्थक आहे.

गुणसूत्रं वेगळी काढायची तर

‘फोर कोअर जीनोटाइप्स’ या उंदरांत वायवरून एसआरवाय (वृषण घडवणारं जनुक) काढलेलं आणि दुसऱ्या, लिंगाशी संबंध नसलेल्या गुणसूत्रावर बसवलेलं असतं. त्यामुळे चार प्रकार जन्मतात: वृषण असलेले एक्सएक्स आणि एक्सवाय, अंडाशय असलेले एक्सएक्स आणि एक्सवाय. बाहेरून बघून जननग्रंथी ओळखा, पीसीआरने वाय ओळखा, मग सगळ्यांच्या जननग्रंथी काढून टाका. उरलेला फरक बराचसा गुणसूत्रांचा. २००८ मध्ये एसजेएल पार्श्वभूमीवर याच पद्धतीने एक्सएक्स प्राण्यांत ईएई आणि प्रिस्टेन या तेलाने आणलेला ल्युपस दोन्ही जास्त तीव्र दिसले.

पण २०२४ मध्ये कळलं की ब्लॅक सिक्सवरच्या या उंदरांच्या वायवर एक्सचा ३.२ मेगाबेसचा तुकडा चिकटलेला आहे, आणि त्यात टीएलआर७ आहे. म्हणजे ज्या जनुकामुळे बीएक्सएसबी नर मरतात, त्याचीच जादा प्रत इथल्या एक्सवाय प्राण्यांत. एक्सएक्स आणि एक्सवायमधला फरक त्यामुळे झाकला जाऊ शकतो, उलटाही होऊ शकतो. तेव्हा शेपटीच्या डीएनएवर क्यूपीसीआरने टीएलआर७ च्या प्रती मोजल्याशिवाय एकही उंदीर प्रयोगात घेऊ नका. साधे नर-मादी सोबत ठेवा, आणि निकाल एक्सवाय* या लिंग-गुणसूत्रांच्या दुसऱ्या मॉडेलमध्ये पडताळा.

फॉर्म आणि आकडे

भारतात आयएईसीसाठी (संस्थेच्या प्राणी-नीती समितीसाठी) फॉर्म बी भरताना ‘दोन्ही लिंगं’ एवढंच लिहिलं की समिती संख्या दुप्पट का म्हणून विचारते. लिंग × उपचार अशी चौकोनी रचना काढून दाखवा. औषधाचा एकूण परिणाम शोधायला प्राणी दुप्पट लागत नाहीत. तेच प्राणी दोन लिंगांत वाटले जातात. लिंगानुसार औषधाचा परिणाम बदलतो का, हे मात्र महाग आहे: तेवढ्याच आकाराचा आंतरपरिणाम पकडायला साधारण चौपट प्राणी लागतात.

माद्यांत पी ०.०३ आणि नरांत ०.२ आला म्हणून ‘औषध फक्त माद्यांत चालतं’ असं लिहू नका. आंतरपरिणामाची एकच चाचणी करा, पिंजरा हा रँडम घटक ठेवून. नॉडसाठी कॅपलान–मायर आणि कॉक्स (आजार कधी लागला ते तपासणाऱ्या पद्धती), ईएईसाठी रोजच्या गुणांच्या आलेखाखालचं क्षेत्रफळ. नरांत आजार २० टक्केच असेल तर औषधाला कमी करायला जागाच नसते, हेही बघा.

पिंजरे वीसच मिळणार असतील तर शस्त्रक्रिया आणि जीनोटाइप दोन्ही बाजूला ठेवा. दहा नरांचे, दहा माद्यांचे, प्रत्येक पिंजऱ्यात दोन औषधाचे आणि दोन कंट्रोलचे उंदीर, एकच बॅच, वजनाप्रमाणे टॉक्सिन. फरक निघाला तर पुढच्या अनुदानात जननग्रंथी काढून बघा. त्यानंतरही तो टिकला तरच गुणसूत्रांच्या मॉडेलवर पैसे घाला.